आठव्या तारेवरचा ट्रक

"गोपाळकाका, देवाक इलेक्ट्रिक गिटार चलता?"

हा प्रश्न माझा नव्हता. प्रश्न श्रद्धा आणि पूजाचा, तोंड फक्त माझं. दहावीत गेल्यापासून गौरवीला फार कंठ फुटलाय, तर जाऊ दे आणि विचारू दे खुद्द देवस्थान कमिटीच्या अध्यक्षांना, अशी देवळाच्या पायऱ्यांवर बसून दोघींनी पैज लावली होती. गोपाळकाका म्हणजे साधंसुधं माणूस नव्हे. त्यांनी नारळ हातात घेतला की आपण नासके तर नाही ना, अशी त्या नारळालाच धास्ती पडत असेल. पण विचारून टाकलं. मागे खांबाआड दोघी एकमेकींचे हात चावत होत्या.

गोपाळकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"देवाक सगळें चलता गो बाये. कमिटीक चलूंक जाय." मग माझ्याकडे बघून, "तारो किती तिका?"

"सहा."

"सहा. बरें."

आणि चमत्कार असा की कमिटीने खरंच ठराव केला. सर्वणच्या आमच्या वाड्यावर जत्रेच्या रात्री नाटक होतं. इतकी वर्षं ते पुरुषांचं असायचं. यंदा पहिल्यांदा आम्हा मुलींचं होतं, म्हणून कमिटी तशीही हादरलेलीच होती. त्या हादऱ्यात माझंही जमून गेलं. 'मुलींच्या नाटकात सहा तारांची एक गिटार वाजवण्यास हरकत नाही.' विरोध एकट्या सगुणमास्तरांचा होता. ते नाटकाला ऑर्गन वाजवतात आणि ऑर्गन असताना दुसरं वाद्य आणणं म्हणजे लग्नात दुसरा नवरा आणण्यासारखं आहे, असं त्यांचं मत. पण बहुमत झालं. म्हणजे बाकीचे जेवायला उठले.

गिटार होती माझा चुलतभाऊ साईशदादाची. कॉलेजच्या सुट्टीत तो मला शिकवायचा, पण गिटार हातात देताना एवढ्या अटी घालायचा की तेवढ्या वेळात माझं वाजवून झालं असतं. म्हणून मी शिवदासमामाला फोन केला. मामा जहाजावरच्या स्वयंपाकघरात असतो. म्हटलं, "मामा, येताना मला माझी स्वतःची गिटार आण."

मामा सुट्टीवर कारापूरला आला आणि दुसऱ्याच दिवशी पाववाल्या पोदेराच्या सायकलमागोमाग आमच्या दारात हजर. एका हातात गरम उंडे, दुसऱ्या हातात शवपेटीएवढी काळी पेटी. पेटी उघडली आणि मी तारा मोजायला लागले. सहा झाल्या तरी संपेनात.

"मामा, ह्या आठ आहेत."

"मागीर? दुकानदार म्हणालो, सहाची आसा, साताची आसा, आठाची आसा. म्हजी एकली भाची. तुका सहाची हाडूं?"

"बांगडे हाडटा तेन्नाय हो असोच," आई म्हणाली. माझी आई सुमंगला तशी भावावर फार माया करते, पण माशांच्या बाबतीत तिचे आणि त्याचे जुने वाद आहेत.

आता गिटार न वाजवणाऱ्यांना वाटेल, दोन तारा जास्त म्हणजे काय, दोन कमी वाजवायच्या. तसं नसतं. सहा तारांच्या गिटारीत सगळ्यात जाड तार वरच्या काठाला असते. अंधारात आपला हात घरच्या दिव्याच्या बटणावर जातो ना, तसं बोट न बघता तिथं जातं. ह्या गिटारीत त्याच काठाला आणखी दोन जाडजूड पाहुण्या ठाण मांडून बसल्या होत्या आणि माझी ओळखीची तार तिसऱ्या जागी सरकवली गेली होती. हात जुन्या घरात जायचा आणि भलत्याच माणसांच्या स्वयंपाकघरात उभा राहायचा. त्यात गिटारीची मान अशी रुंद, की आई म्हणाली, "पोळपाट फुटलो तर काळजी ना."

तालमीत पहिल्याच दिवशी श्रद्धाचा लाजण्याचा प्रसंग होता. श्रद्धा आमची नायिका, कारण तिचा आवाज माईक नसला तरी पलीकडच्या म्हावळिंगे गावापर्यंत जातो. ती पदर बोटाला गुंडाळू लागली, मी डोळे मिटून हळुवार सूर छेडला आणि सभामंडपात असा काही हंबरडा घुमला, की बाहेर चरणारं वासरू दारात येऊन बघू लागलं.

पूजा प्रॉम्प्टर. ती पडद्याआडून म्हणाली, "ही लाजता, काय हिच्या फाटल्यान म्हस लागल्या?"

सगुणमास्तरांनी ऑर्गनवरचे हात उचलले. "स्वर सात. आठवी तार कोणाक गो?"

"वयल्या सा-क, मास्तर," पूजा म्हणाली. मास्तरांनी आमच्याकडे पाठ केली. नुसता ऑर्गनचा भाता सुस्कारे टाकत राहिला.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या वाड्यावर दुखण्यावरचे सल्ले आधी येतात, दुखणं मागाहून. शेजारची सुशीलाकाकी म्हणाली, हाताला खोबरेल चोळ, बोटं लांब होतात. साईशदादा म्हणाला, दोन वर्षं फक्त स्वरांचा रियाज कर. जत्रा महिन्यावर! कोपऱ्यावर शंभूचा गाडो आहे, पातळभाजीचा. शंभूने कांदा चिरता चिरता सांगितलं, "दोन काडून उडय. सहा उरतल्यो. हिशेब जालो."

हे बाबांना पटलं. बाबा, म्हणजे जयराम, वीजखात्यात आहेत. त्यामुळे घरातली वायर लागणारी कुठलीही वस्तू त्यांच्या अधिकारक्षेत्रात येते. मी शाळेत असताना त्यांनी पक्कड घेऊन दोन तारा काढल्या. काढल्या त्या बारीक. म्हणजे उंच सूर गेले आणि हंबरणाऱ्या सगळ्या शिल्लक! मी आले तेव्हा ते तारा नीट गुंडाळून ठेवत होते आणि चेहऱ्यावर फ्यूज बदलल्याचं समाधान होतं.

"बाबा!"

"कितें जालें? बारीक आशिल्ल्यो. तुटपाच्योच आशिल्ल्यो."

मी न जेवता झोपले, म्हणजे जेवायच्या वेळी झोपले आणि नंतर उठून जेवले. पेटीच्या कप्प्यात जादा तारांचा संच सापडला म्हणून घरात शांतता राहिली.

आणि मग मी ठरवलं की रडायचं नाही, शिकायचं. अंगठा मानेवरून डोकावत असे, तो मागे टेकवला. उजव्या तळव्याची कड नको त्या तारांवर ठेवायची सवय केली. नाहीतर एक वाजवली की शेजारच्या आपोआप कुजबुजतात, वाड्यावरच्या बायकांसारख्या. सगळ्यात अवघड ती आठवी, अगदी वरच्या काठाची, सगळ्यात जाड. ती हळू छेडली तर फडफडते, जोरात छेडली तर भिंत हलते. नाटकात वादळाचा प्रसंग होता. चोपड्याच्या नदीवर श्रद्धा एकटी, होडी नाही, आभाळ भरून आलंय. ते वादळ आठव्या तारेवर काढायचं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. खरं सांगायचं तर त्या एका प्रसंगासाठी मला जत्रेत वाजवायचं होतं. लाजायला ऑर्गन पुरेसा आहे.

घरात अभ्यासाचं मेज हलत होतं म्हणून मी ॲम्प्लिफायर बाहेर सोप्यावर नेला आणि पाण्याच्या रिकाम्या निळ्या पिंपावर ठेवला. रोज तिन्हीसांजेला तिथं बसून फक्त आठवी तार. घुर्रर्र. थांब. घुर्रर्र. पिंप पोकळ, त्यामुळे आवाज असा खाली जमिनीतून यायचा की माझेच पाय गुदगुदायचे. जनेलाची म्हणजे खिडकीची काच थरथरायची. मला वाटलं, वा!

इथे आमच्या भागाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे खनिजाचे ट्रक चालायचे. मी लहान असताना शाळेत जाताना लाल धूळ खायची सवयच होती. मग खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणा-अंगणात उभे राहिले. काहींवर वेली चढल्या, एकावर कोंबडी बसते. खालच्या वळणावर राहणाऱ्या बाबलीमामाचा ट्रक मात्र स्वच्छ असतो. तो रोज सकाळी काच पुसतो, आत बसतो, थोडा वेळ स्टिअरिंग धरतो आणि उतरून काजूच्या बागेत कामाला जातो.

एके रात्री जेवताना बाबा म्हणाले, "आयकलें? खाणी सुरू जातल्यो म्हणटात. सांजवेळा वयल्या रस्त्यान गाड्यो चलतात. बाबलीन आवाज आयकलो."

"खरंच?" मला इतका आनंद झाला, की मी उडीच मारली. पूजाचे बाबा ड्रायव्हर होते. आता ते घरी बसतात आणि पूजाच्या पुस्तकांना कव्हरं घालून देतात, इतकी सुबक की बघवत नाही. मी दुसऱ्या दिवशी शाळेत ती बातमी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने सांगितली. मधल्या सुट्टीत पूजाने मला आपला लाडू दिला. अख्खा.

बातमी मग आपल्या पायांनी चालू लागली. शंभूने पोदेराला उंडे वाढवून सांगितले. पंच म्हणाला, मी वर बोललो होतो त्याचाच हा परिणाम. सुशीलाकाकीने धूळ येणार म्हणून वाळवणं आत घेतली. बाबलीमामाने ट्रकच्या चाकांत हवा भरून आणली, बोनेटला झेंडूची माळ घातली आणि खाकी शर्ट इस्त्री केला. मी हे सगळं बघत होते, खूश होत होते आणि संध्याकाळी घरी येऊन मन लावून आठवी तार वाजवत होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी डोळे मिटून वादळ काढत होते. आता थांबायची जागा जमली होती. घुर्रर्र, मग श्वासभर शांतता, मग पुन्हा. डोळे उघडले तर अंगणात माणसं. पुढे बाबलीमामा, खाकी शर्टात. मागे शंभू, हातात झारा तसाच. त्यामागे पूजाचे बाबा. ती सगळी मंडळी वरच्या रस्त्याला गाड्या बघायला गेली होती. गाडी दिसेना, आवाज मात्र येतोय, म्हणून आवाजाच्या मागे मागे आमच्या सोप्यापर्यंत आली होती.

"गो," बाबलीमामा म्हणाला, "ही तूं?"

माझा हात तारेवरून सुटला आणि ती शेवटचं एकदा घुरघुरली. पिंपासकट.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. पूजाच्या बाबांनी फक्त चपलेची टाच नीट केली आणि ते खाली उतरून गेले. बाकीचे एकेक करून गेले. शंभू जाताना म्हणाला, "वाडयल्ले उंडे आतां उरतले, घेवन वच." ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

बाबलीमामा गेला नाही. तो सोप्यावर टेकला. आईने पाणी आणून दिलं. तो ते अर्धं प्यायला आणि मला म्हणाला, "परत वाजय पळोवया."

"नको, मामा."

"वाजय गो."

मी वाजवलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "चडणीर भरिल्ली गाडी अशीच करता. म्हजो सायलेन्सर मात हाचे परस बरो." आणि एवढं बोलून हसला. मी मात्र रडले. नाक वाहेपर्यंत. आई म्हणाली तारेवर पडेल, गंजेल.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'डंपर' पडलं. शाळेत बाकाखालून घुर्रर्र आवाज येत. वर्गात फळा पुसायला उठले तर मागून "रिव्हर्स, रिव्हर्स!" पूजाने मात्र एकदाही तो शब्द वापरला नाही. दोन दिवस तिने डबा वेगळा बसून खाल्ला आणि मग गणिताच्या तासाला एक चिठ्ठी सरकवली. 'बाबा म्हणाले, आवाज खरा होता.' मी ती चिठ्ठी दप्तरात ठेवली.

मग कमिटी. गोपाळकाका स्वतः आमच्या घरी आले आणि कदेलीवर बसले. ते घरी येतात म्हणजे प्रकरण गंभीर.

"जयराम, ठराव सहा तारांचो. हिच्यो आठ. वयल्यान गांवांत ही भानगड. नाटकांत गाडी आयकून परत लोक उठून रस्त्यार गेले तर?"

"काका, ते वादळ आहे," मी म्हटलं.

"वादळ सहा तारांनी काड. तुज्या भावाची आसा न्ही?"

शिवदासमामाची सुट्टीही संपत आली होती. त्याच्याकडे दुकानाची पावती होती आणि त्याचं जहाज त्या बंदराला परत लागणार होतं. बाबा म्हणाले, मामा नेईल, बदलून सहाची आणेल, विषय संपला. मामा म्हणाला, जशी भाचीची मर्जी. पण माझ्याकडे बघताना तो जरा लाजला, जणू आठ तारा त्यानेच विणल्या होत्या. सगळे इतके समजूतदारपणे वागत होते, की भांडायला जागाच नव्हती. मी "बरं" म्हटलं.

रंगीत तालमीला मी साईशदादाची सहा तारांची गिटार घेऊन बसले. सगळा वाडा जमला होता. लाजण्याचा प्रसंग सुरळीत गेला, सगुणमास्तरांनी मानही डोलावली. मग नदी. दिवे मंद झाले, श्रद्धाने "होडीवाल्या!" अशी हाक मारली, की पुढच्या रांगेतलं बाळ जागं झालं. आता माझं वादळ.

माझा हात वर गेला, काठाकडे, आठव्या तारेकडे. तिथं काहीच नव्हतं. तार छेडायचं प्लेक्ट्रम हवेत फिरलं. घाबरून मी हात खाली आणला, तो दोन तारा चुकून खाली, आणि भर वादळात असा टिंगटिंग सूर निघाला जसा आईसफ्रूटवाला गल्लीत आलाय. श्रद्धा हात पसरून उभी. नदी नाही, वारा नाही, आईसफ्रूट. मी परत काठाकडे गेले, परत हवा.

मागच्या अंधारातून कुणीतरी ओरडलं, "डंपर बंद पडलो रे!"

सगळा मंडप हसला. मीही हसले असते, पण मांडीवरच्या त्या गिटारीकडे बघताना माझ्या लक्षात आलं की ती खूप अरुंद आहे. काही आठवड्यांपूर्वी हीच मला केवढी वाटायची! हसणं थांबल्यावर कोपऱ्यातून बाबलीमामाचा आवाज आला, "तिका तिची गाडी दियात रे. दुसऱ्याची कशी चलयतली ती?" कुणी मनावर घेतलं नाही. श्रद्धाने वादळ तोंडाने काढलं आणि पडदा पडला.

घरी आलो. मामाची बॅग सोप्यावर उघडी होती. सकाळी त्याला निघायचं होतं. काळी पेटी बाजूला, वर आईने जुन्या साडीच्या काठाचा शिवलेला पट्टा. आई म्हणाली, "जाता असें. जत्रेक अजून वेळ आसा." बाबा म्हणाले, "हात बिघडलो गो तुजो. त्या आठांनी बिघडयलो. आतां परत सहांची संवय कर, दोन दिसांनी बसतलो." ते प्रेमानेच म्हणाले. फ्यूज गेला की ते असंच म्हणतात, दोन मिनिटं, येईल.

मी ताटावर बसले नाही. उभीच राहिले. दहावीत गेल्यापासून कंठ फुटलाय म्हणतात, तर म्हटलं वापरून घ्यावा.

"मामा, बॅग बंद कर. पेटी त्यात जायची नाही. बाबा, हात बिघडला नाही. तुम्ही गोपाळकाकांकडे जाऊ नका, सकाळी मीच जाऊन सांगते, की वाजवीन तर माझ्या गिटारीवर, आठ तारांवर, आणि सुरुवातीला स्वतः उभी राहून लोकांना सांगीन की हे वादळ आहे, गाडी नाही, कुणी उठू नका. कमिटीला नको असेल तर त्यांनी आत पत्रा हलवून वादळ काढावं. मी पुढच्या रांगेत बसून श्रद्धासाठी टाळ्या वाजवीन, रडणार नाही. डंपर म्हणाले तरी चालेल. पण ती साईशदादाची गिटार आजच परत द्या, बाबा. सहा तारांत माझा हात आता मावत नाही."